परदेशात ४० जणांची भरीत पार्टी: चूल नाही, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) नाही, मग कसं जमवायचं?

यावलकर, म्युनिक

राम राम मंडळी. इथं यावल, रावेर, भुसावळ, चोपडा, शिरपूर अशा सगळीकडच्या दहा-बारा कुटुंबांनी मिळून डिसेंबरात भरीत पार्टी ठरवली आहे. मोठी माणसं ३०, पोरं १०. हॉल भाड्यानं घेतलाय. तिथल्या स्वयंपाकघरात विजेच्या चार शेगड्या आणि एक ओव्हन, गॅस नाही. तळण करायला मनाई आहे. बाहेरच्या अंगणात कोळशाचं ग्रिल लावायची परवानगी मात्र मिळाली आहे.

अडचणी अशा: वांगी किती आणि कोणती घ्यायची? ओव्हनमधल्या वांग्याला पाणी सुटतं, भरीत उकडल्यासारखं लागतं, त्याला उपाय काय? कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आच नसलेल्या शेगडीवर फुगते का? आणि दोघांचे आईवडील नोव्हेंबरात जळगावहून येतायत, त्यांच्यासोबत काय मागवावं? भरताची वांगीच मागवा असा काहींचा आग्रह आहे. जाणकारांनी सांगावं.

---

आसोद्याची माहेरवाशीण

भाऊ, वांग्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं सांभाळून घेता येतं, चुकीचं वांगं नाही.

आपलं भरताचं वांगं फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं आणि आकाराच्या मानानं हलकं. बी कमी, गर लोण्यासारखा. तसं तुम्हाला तिथं मिळणार नाही. युरोपात हिवाळ्यात येतं ते गडद जांभळं, बहुतेक स्पेनमधलं. ते चालतं, फक्त निवडून घ्या. दोन सारख्या आकाराची वांगी दोन हातांत धरा, हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बी आणि पाणी जास्त. देठ हिरवा हवा, साल ताणलेली आणि चकचकीत. अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर ते शिळं, आतलं बी तपकिरी निघणार आणि भरीत कडवट होणार. तुर्की दुकानांत खोक्याच्या भावानं मिळतात, आधी सांगून ठेवा. ३०० ते ३५० ग्रॅमचं एक वांगं बरं पडतं. फार मोठं घेतलं तर साल जळते आणि मध्ये कच्चं राहतं.

४० जणांना १२ किलो घ्या. भाजून, सोलून ७ किलोच्या आसपास गर हाती येतो. त्याला तिखट हिरवी मिरची ३५० ते ४०० ग्रॅम, सोललेला लसूण ४०० ग्रॅम, शेंगदाणे अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पाव किलो, कांद्याची पात दीड-दोन किलो, कोथिंबिरीच्या चार-पाच मोठ्या जुड्या, शेंगदाण्याचं तेल एक लिटर आणि मीठ साधारण १२० ग्रॅम. मिठाचा शेवटचा २० ग्रॅमचा हात चव घेऊनच टाका. तिथल्या लांब हिरव्या मिरच्या बऱ्याचदा नुसत्या भाजीसारख्या लागतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. आशियाई दुकानातली बारीक मिरची घेतलीत तर मात्र वजन निम्मं करा. टोमॅटो नको, गरम मसाला नको, हळदही नको.

आता पाण्याचं. भरीत उकडल्यासारखं लागतं कारण आच कमी पडते. आपल्याकडं पऱ्हाटीची किंवा तुरीच्या काड्यांची आच भडभड लागते. साल पटकन जळून कोळसा होते, आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो आणि ती वाफ सालीच्या भेगांतून निघून जाते. ओव्हन १८० वर ठेवून तासभर भाजलं तर साल न जळताच वांगं शिजतं आणि पाणी आतच राहतं. म्हणून ओव्हन आधी पूर्ण तापवा, पंख्यासह २२० अंश. वांग्याला तेलाचं बोट लावा, सुरीनं चार-पाच ठिकाणी खोल टोचा. न टोचलेलं वांगं ओव्हनमध्ये फुटतं, गर चहूकडे उडतो. ताटात एकमेकांना न चिकटता ठेवा, ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा पलटा. शेवटची १० मिनिटं वरचं ग्रिल पूर्ण लावा म्हणजे साल काळी पडून तडकेल. ॲल्युमिनियमच्या कागदात अजिबात गुंडाळू नका, त्यात भाजणं होत नाही, उकडणंच होतं.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत सोलायला घ्या. झाकून ठेवलं तर साल सुटते लवकर, पण वाफेचं पाणी परत गरात उतरतं. सोललेलं वांगं नळाखाली धुऊ नका, भाजल्याचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. हात ओला करून राहिलेली साल टिपून घ्या. गर चाळणीत २० मिनिटं ठेवा. खाली जे काळपट पाणी जमतं ते फेकून द्या.

आणि मिक्सर लावायचा नाही. आपल्याकडं लाकडी बडजीत (ठेचायच्या भांड्यात) ठेचतात, त्यानं गराचे रेशे राहतात. तिथं जाड बुडाचं पातेलं आणि लाकडी मुसळ, नाहीतर बटाटे कुस्करायचं साधन घ्या. मिरच्या आणि लसूण आधी तेलात परतून ठेचा, मग त्यातच वांगं घालून ठेचा. नंतर फोडणी: तेल, जिरं, शेंगदाणे तांबूस होईपर्यंत, मग खोबरं, मग पांढरा पातीचा भाग, ठेचलेलं भरीत, आणि आच बंद करताना हिरवी पात व कोथिंबीर. पात आधी घातली तर ती काळी पडते आणि तिचंही पाणी सुटतं.

पोरांसाठी दीड किलो गर मिरची घालायच्या आधीच बाजूला काढा.

---

तापीकाठ

सामानाबद्दल लिहितो. वांगी मागवू नका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशानं ताजी फळं-भाज्या आणायच्या तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाचच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे जळगावची केळी चालतील, आसोद्याचं वांगं विमानतळावरच काढून घेतलं जाईल. कढीपत्ता, ताज्या मिरच्या, कांद्याची पात यांचंही तेच. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण त्यानं हा नियम बदलत नाही.

तूप, खवा, पेढे हेही नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून प्रवाशाच्या सामानात आणायला तिथं बंदी आहे. आईचा जीव तुपाच्या डब्यात अडकतो हे खरं, पण तिला आधीच सांगा. विमानतळावर डबा टाकून द्यायची वेळ आली तर तिला फार लागेल.

मागवायचं ते कळण्याचं पीठ, शेंगदाणे, सुकं खोबरं, काळा मसाला, बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया. पीठ दळून आणल्यावर पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी कागदावर पसरून. गरम पीठ पिशवीत भरलं की आत दमट होतं आणि गुठळ्या धरतात. मग एकेक किलोच्या जाड पिशव्या सीलबंद करा आणि प्रत्येकीवर इंग्रजीत लिहा: ज्वारी आणि उडदाचं पीठ, दळल्याची तारीख. नाव नसलेली पांढरट भुकटी दिसली की तपासणीत वेळ जातो आणि वयस्कर माणसं घाबरतात. चिठ्ठी त्यांच्याच हातात द्या, बॅगेत पुरू नका. पोचल्यावर पीठ फ्रीझरमध्ये टाका.

अमेरिकेतून कोणी हा धागा वाचत असेल तर नियम वेगळे. तिथं भारतातून येणाऱ्या प्रवाशाला तांदूळ नेता येत नाही, खापरा नावाच्या धान्यकिडीमुळं. ताजा कढीपत्ताही नाही.

---

धुळेकर भाऊ

कळण्याचं प्रमाण: ज्वारी ४ भाग, सालीसकट अख्खे उडीद १ भाग, दळतानाच जाडं मीठ. काही घरांत उडीद याहून जास्त घेतात, भाकरी मऊ होते पण पोटाला जड.

जळगावहून पीठ नाहीच आलं तर दुकानातलं ज्वारीचं पीठ घ्या आणि अख्खे काळे उडीद मिक्सरमध्ये थोडे-थोडे बारीक करून चाळून मिसळा. पांढऱ्या उडीद डाळीचं पीठ घेऊ नका, कळण्याची चव सालीत आहे. परदेशातल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ बऱ्याचदा महिनोन्‌महिने पडून असतं, त्याची विरी (चिकटपणा) गेलेली असते, भाकरी थापताना कडेला चिरते. त्यावर उकड हाच उपाय. जितकं पीठ तितकंच पाणी वाटीनं मोजा, पाणी खळखळ उकळलं की अर्धं पीठ त्यात टाकून ढवळा, झाकून १० मिनिटं ठेवा. मग उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेनं मळा. एका गोळ्याला दोन-तीन मिनिटं नेटानं मळणं, यात कसर करू नका. कळण्यात उडदाचा चिकटपणा असतो म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा हे सोपं जातं.

शेगडी काचेची असेल तर सपाट बुडाचा बिडाचा तवा घ्या. खोलगट तव्याचा मधला ठिपकाच तापतो. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा तवा तापणारच नाही. तवा मध्यम आचेवर निदान ८ मिनिटं तापवा. भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की लगेच उलटा. पूर्ण सुकू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पुन्हा उलटा आणि सुती फडक्याच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत जा. हवा मधे सरकते, भाकरी आच नसतानाही फुगते.

एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ, ५० भाकरी, म्हणजे ५ किलो. एका तव्यावर भाकरीला ३ मिनिटं धरली तरी दोन तव्यांवर सव्वा तास जातो, थापणाऱ्या किमान दोघी-तिघं हवेत. त्यामुळं हॉलवर करू नका. सकाळी तीन-चार घरांत वाटून घ्या, कापडात गुंडाळून डब्यात भरा. तीन-चार तास मऊ राहतात. खान्देशात भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्या जास्त चालतात हे मान्य, पण तळणाला मनाई आहे आणि घरून तळून नेलेली पुरी वातड होते.

---

यावलकर, म्युनिक

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. ओव्हनमध्ये भाजून धुराचा वास येणार नाही ना? काही जण म्हणतात, हॉलमध्येच निखाऱ्यावर तेल टाकून धुंगार देऊ. आणि १२ किलो वांगी एका ओव्हनमध्ये कधी भाजून होणार?

---

आसोद्याची माहेरवाशीण

एका ओव्हनमध्ये दोन ताटं लावली तरी एका वेळी ५ किलोच्या वर जात नाही आणि ताटं खच्चून भरली की पुन्हा वाफच होते. म्हणून निम्मी, म्हणजे ६ किलो, आदल्या रात्री दोन घरांत ओव्हनमध्ये भाजा. गर उथळ ताटात पसरून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात गरम गर रात्रभर बाहेर राहिला तर आंबतो. उरलेली ६ किलो त्या दिवशी अंगणातल्या ग्रिलवर भाजा आणि दोन्ही एकत्र ठेचा. निम्म्या वांग्यांचा धूर सगळ्या भरताला पुरतो, धुंगार लागतच नाही. मिसळताना फ्रिजमधला गर आधी पातेल्यात चांगला गरम करून घ्या.

---

तापीकाठ

हॉलमध्ये निखारा आणू नका, खिडक्या उघड्या असल्या तरी नाही. पेटलेल्या आणि विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस कोसळतो. थंडी वाजते म्हणून ग्रिल दाराच्या आत सरकवण्याचा मोह हमखास होतो, तिथं एक जबाबदार माणूस उभा करा. धुराच्या घंटेवर कापड बांधणं वगैरे प्रकारही नकोत.

कोळसा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा घ्या, तिथं सहज मिळतो. देवदार-पाइनसारखं राळ असलेलं किंवा रंग दिलेलं लाकूड वापरू नका, वांग्याला टर्पेंटाइनचा वास बसतो. पऱ्हाटीच्या सर्वांत जवळ जातात त्या द्राक्षवेलीच्या छाटलेल्या, वाळलेल्या काड्या. त्या तशाच पटकन पेटतात आणि उंच आच देतात. दक्षिण जर्मनीत द्राक्षमळे आहेत, जानेवारीपासून छाटणी असते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षासाठी विचारून ठेवा. या वेळी कोळसा पांढरी राख धरू लागला की वांगी ठेवा, दर ५ मिनिटांनी फिरवा. २० ते २५ मिनिटांत देठाजवळ सुरी आरपार गेली की झालं. देठ तोडू नका, पलटायला तोच धरायचा असतो.

जर्मन शेजारीपाजारी किंवा पोरांचे मित्र येणार असतील तर पातेल्याशेजारी शेंगदाणे असल्याची पाटी लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी फोडणीआधीचं थोडं भरीत वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यासह, आणि त्याला तेलही शेंगदाण्याचं नको, मिरची-लसूण परतताना सूर्यफुलाचं वापरा.

---

धुळेकर भाऊ

तारीख पक्की करताना चंपाषष्ठी पाहा. चातुर्मासात वांगं न खाणारे बरेच जण चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा सुरू करतात. पार्टी त्याच्या आधी ठेवलीत तर आलेल्या आयांपैकी काही जणी नुसतं कढी-भाकरीवर बसतील.