लग्नातले धवले रेकॉर्ड करायचेत. कॅमेरा आणि साठवायला काय घेऊ? (बजेट १५ हजार, दोन्ही मिळून)

खाडीकाठचा (घणसोली)
नमस्कार मंडळी. वैशाखात चुलतभावाचं लग्न आहे, गावातल्या घरीच. माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले (विधींची गाणी) गाणारी, वय ७४. आमच्यात आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवले लागतात. ते कुठल्या वहीत नाहीत, आत्याच्या तोंडात आहेत. तिच्या जोडीला गाणारी म्हातारी मागच्या पावसाळ्यात गेली आणि बरेच धवले तिच्याबरोबर गेले. म्हणून या वेळी सगळं रेकॉर्ड करायचंच असं ठरवलंय.
माझा फोन १२८ जीबीचा, त्यातली निम्मी जागा सुप्रभातवाल्यांनी खाल्ली आहे. तर प्रश्न दोन. १) छोटा, हातात मावेल असा कॅमेरा कुठला? २) व्हिडिओ ठेवायला पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क की एसएसडी? चार दिवसांचं लग्न, रोज पाचेक तास गाणं धरा. बजेट सगळं मिळून १५ हजार. पंधराच्या वर बायको मारेल.

पाचवा_मजला (घोडबंदर रोड)
डोळे मिटून डीजेआय ओस्मो पॉकेट ३ घ्या. एक इंची सेन्सर, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं गिंबल आतच, वजन १७९ ग्रॅम. स्क्रीन फिरवली की सुरू होतो. मी केरळला नेला होता, बोटीतून काढलेला व्हिडिओ असा स्थिर आलाय की मेहुणा विचारत होता, ट्रायपॉड लावलेलास का.

खाडीकाठचा
किती रुपयांना?

पाचवा_मजला
किंमत बघू नका हो, एकदाच घ्यायची वस्तू आहे.

सीवूड्सची_रोहिणी
म्हणजे बजेटच्या तिप्पट. 😄
माझा अनुभव सांगते. मी अ‍ॅक्शन कॅमेरा (हेल्मेटवर लावतात तो छोटा) घेतला होता डीपीएस तलावावर फ्लेमिंगो काढायला. पश्चात्ताप. भिंग इतकं रुंद की पक्षी मुंगीएवढे. संध्याकाळ झाली की चित्रात मुंग्या मुंग्या येतात, म्हणजे नुसते ठिपके. बॅटरी तासाभरात गार आणि कॅमेरा मात्र गरम. मांडवात रात्री रंगीत दिवे असतात ना? अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

केपी_ऐरोली
आधी हिशोब करा, मग वस्तू घ्या. फोनवर फुल एचडी ३० फ्रेमला साधारण मिनिटाला १३० एमबी लागतात, म्हणजे तासाला ८ जीबी. तुमचे २० तास = १६० जीबी. तेच सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोरके मध्ये केलं तर तासाला ४५ जीबी, २० तासांचे ९०० जीबी. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, यात कोणी फसवत नाहीये), म्हणजे काठोकाठ. त्यामुळे फोरके सोडा, फुल एचडी पुरे.
साठवायला १ टीबी पोर्टेबल एसएसडी. सॅमसंग टी७ माझ्याकडे तीन वर्षं आहे, ५८ ग्रॅम, खिशात राहते, लोकलमध्ये दोनदा पडली, काही नाही झालं. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते (एसएसडीत नसते), पडली की संपलं.

वसंत काका (कळवा)
एवढं काही लागत नाही. व्हिडिओ काढा आणि डीव्हीडी करून ठेवा. माझ्या मुलीच्या लग्नाची २००४ ची डीव्हीडी आजही लागते. त्यात ना व्हायरस शिरतो, ना चुकून डिलीट होतं.

केपी_ऐरोली
काका, एका डीव्हीडीत ४.७ जीबी. १६० जीबीला ३५ डीव्हीडी लागतील.

वसंत काका (कळवा)
मग लावा ३५. लग्न एकदाच होतं.

निमा_नौपाडा
हार्ड डिस्कबद्दल वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझी ट्रान्स हार्बर लोकलला पडली, ठाण्याला चढताना, पर्सची चेन उघडी होती. घरी जोडली तर नुसतं टक् टक् टक्. डेटा काढून देणाऱ्यांनी २२ हजार सांगितले. डिस्क होती साडेचार हजारांची. भाच्याच्या मुंजीचे सगळे फोटो त्यात. वहिनी अजून बोलत नाही धड.

लखू_कोपरखैरणे
फॉलो करतोय. मलाही घ्यायचाय. स्टेशनबाहेर एकाकडे २ टीबीचा पेन ड्राइव्ह ६०० ला मिळतोय, कसा आहे?

केपी_ऐरोली
लखू, नको!! त्यात २ टीबी नसतात. आतली चिप ३२ किंवा ६४ ची असते, फक्त कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं सांगायला शिकवलेलं असतं. फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, जागा संपली की नुसती नावं उरतात, आत काही नाही. घेतलाच असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण भरून परत वाचून बघतं. मेमरी कार्डालाही हेच लागू.

लखू_कोपरखैरणे
घेतला कालच. 😐

पाचवा_मजला
६०० गेले, सोडा. मी तर एकदा विमानतळावर पॉवर बँक

मॉडरेटर
विषयावर राहा.

भरत_फिल्म (दिवा)
मी २००१ पासून लग्नाचं शूटिंग करतो, आधी टेप होत्या. वरची चर्चा वाचली. एकानेही आवाजाबद्दल लिहिलेलं नाही. अहो, धवले *ऐकायचे* असतात! चित्र जरा अंधारं आलं तरी चालेल, आवाज गेला तर काय दाखवणार आहात? मांडवात एका बाजूला मंडप डेकोरेशनवाला खिळे ठोकत असतो, दुसऱ्या बाजूला डीजे माइक टेस्टिंग करतो. कॅमेऱ्यातला माइक दहा फुटांवरून आधी तेच पकडणार.
कॅमेरा घेऊच नका. तुमच्याच फोनने काढा. पैसे माइकला घाला. बोयाचा बीवाय-एम१ नावाचा कॉलरचा माइक येतो, ६ मीटर वायर, डबीत एलआर४४ चा छोटा सेल बसतो. मी आठशेला घेतलेला. (डबीवर बटण असतं, फोनसाठी एकीकडे, कॅमेऱ्यासाठी दुसरीकडे. कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलंत की सेल लागतो, आणि बंद करायचा विसरलात तर दुसऱ्या दिवशी माइक मुका.) फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी चं कन्व्हर्टर घ्या. जास्त पैसे असतील तर झूमचा एच१एन रेकॉर्डर बघा, दोन बारीक सेलवर चालतो. आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका! एका हळदीत ऐन गाण्यात मामांचा फोन आला आणि रेकॉर्डिंग बंद. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सीवूड्सची_रोहिणी
आवाजाचं पटलं. आणि अ‍ॅक्शन कॅमेरा नकोच, हे परत सांगते.

जुईली_पनवेल
थोडं विषयांतर, पण धवले फक्त आगऱ्यांत नाहीत हं. आमच्या कोळीवाड्यातही धवलारीण बोलावतात. माझ्या आजीला तांदूळ निवडतानाचा धवला पूर्ण येत होता.

खाडीकाठचा
ताई, फक्त आगऱ्यांत असं मी कुठे म्हटलं? "आमच्यात" म्हटलं. तुमच्या आजीचा रेकॉर्ड केलाय का कोणी?

जुईली_पनवेल
नाही ना. तेच.

डॉक्टर_वाशी
गुगल फोटोवर टाका, विषय संपला.

केपी_ऐरोली
फुकट अमर्याद जागा जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. यांचे दोन तासही मावणार नाहीत. पैसे भरले तर मिळते जागा, पण दर महिन्याला.
काय घेतलंत ते घ्या, पण एकच प्रत ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक दुसऱ्या घरात. एसएसडी घेतलीत तर सोबत आलेलीच केबल वापरा. मोबाइल चार्जिंगची केबल बऱ्याचदा यूएसबी २.० असते, महागडी एसएसडी तिच्यावर बैलगाडीसारखी चालते आणि लोक एसएसडीला शिव्या देतात. डिस्कचा फॉरमॅट (फायली ठेवायची पद्धत) एक्सफॅट ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तुमची तासाभराची क्लिप तिथेच अडकेल.

निमा_नौपाडा
एसएसडी नुसती पडून राहिली तर त्यातलं पुसलं जातं म्हणे?

केपी_ऐरोली
वीज न मिळता खूप काळ कपाटात राहिली तर धोका असतो, विशेषतः जुनी, घासलेली असेल तर. वर्षातून एकदोनदा जोडून फायली उघडून बघा. हार्ड डिस्कसुद्धा तशीच टाकून द्यायची वस्तू नाही.

वसंत काका (कळवा)
डीव्हीडी पडून राहिली तरी काही होत नाही.

भरत_फिल्म (दिवा)
काका, दमट हवेत डीव्हीडीला डाग पडतात. माझ्याकडच्या दोनशेतल्या निम्म्या आज लागत नाहीत.

वसंत काका (कळवा)
स्वस्तातल्या असतील.

पाचवा_मजला
मंडळी, घरी पाहुणे आले होते, त्यांना पॉकेट ३ दाखवला. त्यांनीही घ्यायचं ठरवलं. बाकी तुमची मर्जी.

खाडीकाठचा (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो, रागावू नका.
भरतभाऊंचं ऐकून आधी फोनवरच चाचणी घेतली. ट्रायपॉड आणला, आत्याच्या समोर लावला. आत्याने तो बघितला, उठली, आत गेली, नवीन लुगडं नेसून केस विंचरून आली आणि पाठ ताठ करून बसली. तीन ओळी म्हणाली आणि विचारलं, "झाला?" मी म्हटलं, पुढचं म्हण. तर फोनकडेच बघत बसली, शब्द आठवेना. तिचा धवला हातांबरोबर चालतो, तांदूळ निवडताना, हळद कुटताना. फोन समोर आला की हात थांबतात, हात थांबले की धवला थांबतो. मागे बायका फिदीफिदी हसतायत ते वेगळंच.
मग मेव्हण्याच्या ओळखीतल्या एकाकडून जुना अ‍ॅक्शन कॅमेरा घेतला, साडेआठ हजार. (रोहिणीताई, माफ करा.) काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. ओट्यावर हळदीच्या डब्याशेजारी ठेवला. आत्याने एकदा विचारलं, "यो कनाला आनलास रं?" मी म्हटलं, राहू दे. पाच मिनिटांत विसरली. एक तास दहा मिनिटं गात होती. चित्र वाकडं आहे, कडेला फ्रिज बाकदार दिसतो, पण तिचे हात पूर्ण दिसतात. बॅटरी पन्नास मिनिटांत संपली म्हणून पॉवर बँकेची वायर लावून ठेवली. क्लिप तुकड्या तुकड्यांत येते, पण जोडता येते.
एसएसडी घेतली नाही. १ टीबीची साधी हार्ड डिस्क, ४,८०० ला. आणि बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची डिस्क काढून ४५० रुपयांच्या केसिंगमध्ये बसवली, ती बहिणीकडे उरणला राहणार. ट्रान्स हार्बरने नेणार नाही, बाइकच्या डिकीत टॉवेलमध्ये गुंडाळून नेईन. माइक ८०० चा. एकूण १४,५५०. बायको गप्प आहे.

केपी_ऐरोली
दोन्ही हार्ड डिस्क? दोन वेगळ्या प्रकारच्या म्हटलं होतं ना. आणि जुन्या लॅपटॉपची डिस्क?? मग विचारलंत कशाला.

सीवूड्सची_रोहिणी
रात्री काय दिसतं ते सांगा म्हणजे झालं.

भरत_फिल्म (दिवा)
कॅमेऱ्याचं जाऊ द्या. माइक कुठे लावलात?

खाडीकाठचा
पहिल्यांदा सुपाच्या कडेला अडकवला, म्हटलं आत्याला दिसणार नाही. सुपातल्या तांदळाचा खळखळाट इतका आला की आत्या शेजारच्या गावातून गातेय असं वाटलं. आता पदराला आतून लावतो, वायर पाठीमागून फोनला, फोन पाटाखाली एरोप्लेन मोडवर. आवाज फोनवर, चित्र कॅमेऱ्यात. सुरुवातीला मी एक टाळी वाजवतो, नंतर दोन्हीकडची टाळी जुळवून घेतो.

भरत_फिल्म (दिवा)
बरोबर. पदराला सेफ्टी पिनही मारा, क्लिप सुटते. लुगड्याची जर घासली तर खरखर येईल, म्हणून जरीपासून दूर.

खाडीकाठचा (लग्नानंतर)
झालं लग्न. एकूण ११ तास मिळाले. रात्रीचं चित्र रोहिणीताई म्हणाल्या तसंच, मुंग्या. हळदीच्या रात्री डीजे सुरू झाल्यावरचं काहीच वापरण्यासारखं नाही. पण पहाटेचे, तेल चढवतानाचे धवले पूर्ण आले. त्यातले दोन मी कधी ऐकलेच नव्हते, आईनेही नाही.

जुईली_पनवेल
तांदूळ निवडतानाचा आहे का? मला ऐकायचाय. आजीचा तोच होता का बघायचंय.

खाडीकाठचा
आहे. आत्याला विचारून पाठवतो. ती हो म्हणाली तरच.

निमा_नौपाडा
दुसरी डिस्क उरणला पोचली का?

खाडीकाठचा
रविवारी जाणार. आत्याला पण दाखवायचंय, पण ती फोनवर बघत नाही, डोळे दुखतात म्हणते. तिच्याकडे टीव्हीला जुना डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे, त्यात यूएसबीचं भोक नाही. वसंत काका, तुमच्याकडे डीव्हीडी लिहायचा ड्राइव्ह आहे का?

वसंत काका (कळवा)
आहे. शनिवारी संध्याकाळी या, चार नंतर. कोऱ्या डीव्हीडी तुम्ही आणा, माझ्या संपल्यात. दोन तासाला एक धरली तर सहा. दोन जास्तीच्या आणा, एखादी बिघडते लिहिताना.