मदत हवी आहे: पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली नक्की कुठे बसवू? चढावर पंप किंचाळतो

चोरल_३३
जीपला पॉवर स्टिअरिंग बसवून तीन आठवडे झाले. सपाट रस्त्यावर एका बोटाने वळतं. चढावर नाक वर झालं की पंप किंचाळतो आणि स्टिअरिंग दगड होतं. बोनेट उघडावं तर बाटलीच्या झाकणाखालून गुलाबी फेस ओघळलेला. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. अहो, पंप नवा आहे! माझ्या मते बाटलीची जागा चुकली. पंपापासून किती उंच हवी ते सेंटिमीटरमध्ये सांगा. शनिवारी पहाटे इंदूरजवळच्या चोरलकडे निघायचंय. फोटो चढत नाहीये.

स्पॅनर१३
कुठली जीप, कुठलं इंजिन? पंप कुठे, बाटली कुठे? सक्शनच्या (बाटलीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या) पाईपचा आतला व्यास? तेल कुठलं? एवढं कळल्याशिवाय सेंटिमीटर कसे सांगायचे?

काळीमाती
स्टिअरिंग जड होतंय तर आधी टायरमधली हवा बघा. मोठ्या टायरला १५ पीएसआयवर आणलं की जड होणारच. शिवाय टो (पुढच्या चाकांची आत-बाहेरची दिशा) बाहेर गेला असेल तर गाडी चढावर ओढते. टाय रॉडचे बॉल जॉइंट हलवून बघा, खेळ असेल तर

चोरल_३३
@काळीमाती भिया, टायरचं विचारलंच नाही. फेस येतोय, फेस.
एमएम ५४०, बोलेरोचं डीआय इंजिन, पंपही त्याचाच. बाटली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), कारण तिथे जागा होती. तेल लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), डेक्स्रॉन ३.

वायरिंगवाला
हे सगळं काढून टाका. छोट्या गाडीची इलेक्ट्रिक कॉलम स्टिअरिंग येते ती बसवा. तेल नाही, पाईप नाही, फेस नाही, बेल्ट नाही.

स्पॅनर१३
@वायरिंगवाला ३३ इंची टायर, दगडात अडकलेलं चाक, आणि ती मोटर लॉकवर (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की) ४०-५० अँपिअर ओढणार. जुन्या जीपचा अल्टरनेटर आयडलला तेवढं देत नाही. मोटर तापली की कंट्रोलर स्वतःच मदत कमी करतो, तेही नेमकं गरज असते तेव्हा. वेगाचा सिग्नल मिळाला नाही तर ठरावीक मदतीवर अडकून बसतो ते निराळंच.

वायरिंगवाला
अल्टरनेटर बदलता येतो.

पीथमपूरकर
इलेक्ट्रिकचा वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो. @चोरल_३३ दोन मापं द्या. गाडी सपाट उभी असताना (१) बाटलीचा तळ पंपाच्या सक्शन नळीपेक्षा किती वर, (२) पुढे-मागे दोघांत किती अंतर. दुसरं माप जास्त महत्त्वाचं, आणि ते कुणी घेत नाही.

चोरल_३३
१५ सेंमी वर. पुढे-मागे साधारण ६०.

पीथमपूरकर
मग उत्तर इथेच आहे. पंप इंजिनच्या पुढच्या तोंडाला, बाटली ६० सेंमी मागे. चढावर नाक उचललं की पंप वर जातो आणि बाटली खाली राहते. १४ अंशांच्या चढावरच दोघं एका पातळीत येतात (१५ भागिले ६०, म्हणजे ०.२५). ३५ अंशांवर तुमची १५ सेंमीची उंची १२ उरते आणि पंप ३४ सेंमी उचलला जातो. म्हणजे बाटली पंपाच्या २२ सेंमी खाली!

सपाटीला सगळं ठीक वाटतं ते यामुळेच. उंची वाढवून हे सुटत नाही: ६० सेंमी अंतर ठेवून ३५ अंश चढायचे तर बाटली ४२ सेंमी वर हवी, म्हणजे बोनेटच्या बाहेर. तेच अंतर १५ सेंमीवर आणलं तर साडेदहा सेंमी उंची पुरते. म्हणून 'किती उंच' यापेक्षा 'किती जवळ' हे आधी ठरवा. आडव्या उतारासाठी डावी-उजवीकडचं अंतरही याच हिशेबात धरा.

होजक्लिप
हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धाच. २२ सेंमी तेल उपसायला फक्त ०.०२ बार दाब लागतो. तेवढ्याने चांगला पंप उपाशी राहत नाही. खरी भानगड अशी: बाटली वर असते तेव्हा सक्शनच्या पाईपमध्ये थोडा दाब असतो, क्लिप ढिली असेल तर तेल पाझरतं आणि दिसतं. बाटली खाली गेली की त्याच पाईपात ओढ तयार होते, आणि त्याच फटीतून हवा आत जाते. बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून मेकॅनिक पंपावर संशय घेतो.
पाईप कुठला घातलाय? आतून किती? वाटेत कुठे वर चढून खाली येतो का? आणि बाटलीची नळी कुठल्या दिशेला आहे?

चोरल_३३
पाईप हीटरचा, काळा, आतून १२ मिमी. हॉर्नच्या ब्रॅकेटवरून घेतलाय, म्हणजे थोडा वर जाऊन खाली. बाटली चपटी, लांबट, १८ सेंमी. नळी तळाशी, पुढच्या टोकाला. पंप पुढेच आहे ना.

होजक्लिप
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

चढावर तेल मागे सरकतं आणि तुमची नळी पुढे आहे. १८ सेंमी लांब बाटलीत मध्यापासून टोक ९ सेंमी. ३५ अंशांवर त्या टोकाशी तेलाची पातळी सव्वासहा सेंमी खाली जाते. आत ६ सेंमी तेल असेल तर नळी उघडी पडली आणि पंप थेट हवा पितो. क्लिप कितीही घट्ट करा. गोल, १० सेंमी व्यासाची उभी बाटली घ्या, नळी तळाच्या मधोमध. तिच्यात कडेलाही पातळी साडेतीन सेंमीच बदलते.

हीटरचा पाईप आजच काढा. तो पाण्यासाठीच्या रबराचा असतो, तेलात फुगतो, मऊ होतो, आतून पापुद्रे सुटतात. सक्शनला तेलाचा नायट्राइल (तेल सोसणाऱ्या रबराचा) होज, आत तारेची गुंडाळी असलेला, म्हणजे ओढीने चपटा होत नाही. व्यास १६ मिमी, पंपाची नळी मोठी असेल तर १९. बाटलीपासून पंपापर्यंत सतत उतरता. हॉर्नच्या ब्रॅकेटवरचा उंचवटा म्हणजे बुडबुड्यांची धर्मशाळा. तिथे साठतात आणि एकदम पंपात जातात.

स्पॅनर१३
रिटर्न (बाटलीत तेल परत आणणारा पाईप) विसरू नका. तो तेलाच्या पातळीखाली शिरला पाहिजे. वरून धार पडली की फेस होणारच. आणि रिटर्नचं तोंड सक्शनच्या नळीकडे नको, नाहीतर आलेले बुडबुडे सरळ परत पंपात. मध्ये भोकं पाडलेली पत्र्याची आडवी चकती असेल तर उत्तम. फिल्टर आणि कूलर, दोन्ही रिटर्नच्या बाजूला. सक्शनला बारीक जाळीचा फिल्टर कधीच नाही.

काळीमाती
एटीएफऐवजी साधं हायड्रॉलिक तेल टाकलं तर फेस कमी होतो.

होजक्लिप
@काळीमाती एटीएफमध्येही फेस मोडणारं रसायन असतंच. हवा ओढली जात असेल तर कुठलंही तेल फेसाळेल. पंपाला जे तेल सांगितलंय तेच ठेवा, मिसळू नका. आणि वाचणाऱ्या नव्या लोकांसाठी: ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सगळे सील फुगून बाद होतात.

चोरल_३३
ठीक, गोल बाटली आणि तारेचा होज आणतो. पण बसवू कशावर? पंपाच्या ब्रॅकेटवर की बॉडीवर? पंपाच्या वर टर्बोकडून येणारी उष्णताही आहे.

पीथमपूरकर
पंपाच्या ब्रॅकेटवर. इंजिन हललं तर दोघं एकत्र हलतात, होजला ताण नाही, अंतर सगळ्यात कमी.

स्पॅनर१३
असहमत. डीआय इंजिनची आयडलवरची थरथर बघितली आहे ना? एका बाजूने धरलेली भरलेली बाटली असेल तर ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेला तडकतंच. बॉडीवर, फेंडरच्या आतल्या बाजूला पंपाच्या रेषेत बसवा आणि होजमध्ये ३-४ सेंमी सैल ठेवा.

पीथमपूरकर
एका बाजूने कोण सांगतंय? ३ मिमी पत्रा, दोन बोल्ट, त्रिकोणी आधार, बाटलीभोवती रबराची पट्टी घालून दोन ठिकाणी पट्टा. मग नाही तडकत. आणि सैल ठेवायच्या नादात पुन्हा उंचवटा तयार होतो.

स्पॅनर१३
सैल बाजूला वळवायची, वर नाही. चांगलं वेल्डिंग मिळत असेल तर तुमची पद्धतही चालेल, एवढं मान्य.

होजक्लिप
दोन्हीपैकी काहीही करा, पण मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारी तापलेली नळी) आणि टर्बोपासून किमान १५ सेंमी, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. बाटली टर्बोच्या बरोब्बर वर नकोच. झाकणातून ओघळलेलं एटीएफ तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर पेट घेतं. तुमचं आत्ता ओघळतंय, हे लक्षात घ्या.

चोरल_३३
होज कुठे मिळेल इंदुरात? आज गुरुवार.

काळीमाती
देवास नाक्याला ट्रकवाल्यांची हायड्रॉलिक होजची दुकानं आहेत, मीटरवर कापून देतात. जुना तुकडा सोबत न्या. 'तेलाचा सक्शन होज' म्हणा, नुसतं 'पाईप' म्हटलं की पुन्हा हीटरचा देतील.

स्पॅनर१३
हा सल्ला एकदम बरोबर. आता हवा काढायची रीत, कारण घाईत इथेच चुकतं:

पुढची दोन्ही चाकं उचला, स्टँडवर ठेवा. रिटर्नचा पाईप काढून डब्यात सोडा, बाटलीचं रिटर्नचं तोंड बुचाने बंद करा. इंजिन बंद. स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा, दुसरा माणूस तेल ओतत राहील. जुनं फेसाळ तेल निघून लाल स्वच्छ यायला लागलं की पाईप परत जोडा. मग इंजिन बंदच ठेवून आणखी २० वेळा. बुडबुडे थांबल्यावरच चालू करा, आयडलवर, आणि लॉकवर ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेल गढूळ दिसलं तर बंद करून अर्धा तास सोडा. हवा असेल तर वर येऊन निघून जाते. काही तासांनंतरही दुधाळच राहिलं तर पाणी आहे, सगळं तेल बदला.

पूर्ण गळ्यापर्यंत भरू नका. गरम तेल फुगतं.

काळीमाती
चोरलला पाण्यातून जाणार असाल तर झाकणाच्या श्वासाच्या भोकाला बारीक नळी लावून वर फायरवॉलपर्यंत न्या. झाकण गच्च बंद करायचं नाही.

चोरल_३३
शुक्रवार रात्र. गोल बाटली पंपाच्या ब्रॅकेटवर, दोन पट्टे, मागे १२ सेंमी, वर १४. १६ मिमीचा होज, सरळ उतरता. हीटरचा पाईप कापून बघितला: आतलं रबर बोटाला काळं लागतंय आणि क्लिपखाली नखाएवढा पापुद्रा सुटलाय. रॅम्पवर गाडी लावून मोबाईलने मोजलं, २८ अंश. नाक वर ठेवून लॉक टू लॉक दहा वेळा फिरवलं. आवाज नाही, तेल लाल. ३५ चा चढ उद्याच मिळेल.

होजक्लिप
निघण्याआधी इंजिन गरम करून थंड होऊ द्या आणि दोन्ही क्लिप अर्धा आटा कसा. नवा होज पहिल्या तापण्यात बसतो.