रंगावरून चेंडूचा माग: संध्याकाळी रोबो का चुकतो?

प्रश्न
नमस्कार. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि साधा यूएसबी कॅमेरा वापरून नारिंगी चेंडूच्या मागे जाणारा रोबो आम्ही तयार करत आहोत. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र एचएसव्हीत (ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाची शुद्धता आणि व्हॅल्यू म्हणजे उजळपणा) बदलून ठरावीक मर्यादांत बसणारे पिक्सेल वेगळे काढतो. दिवसा सगळे नीट चालते. मात्र संध्याकाळी दिवे लागले की चेंडूचा काही भाग सुटतो आणि तपकिरी टेबल चेंडू म्हणून निवडले जाते. मर्यादा वाढवाव्यात की पद्धतच बदलावी?

उत्तर १
मर्यादा वाढवू नका, कारण त्याने टेबल आणखीच आत येईल. आधी कॅमेऱ्याचे ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग आपोआप जुळवणे) आणि ऑटो एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा आपोआप ठरवणे) बंद करा. ती चालू असली की समोरचे दृश्य बदलताच कॅमेरा साऱ्या चित्राचे रंग हलवतो आणि काळजीपूर्वक ठरवलेल्या मर्यादाही निरुपयोगी होतात. त्यानंतर संध्याकाळच्या उजेडात मर्यादा नव्याने मोजा. तपकिरी म्हणजे अंधुक नारिंगीच, त्यामुळे केवळ ह्यूवरून टेबल आणि चेंडू वेगळे करता येणार नाहीत. फरक सॅच्युरेशन आणि व्हॅल्यूमध्ये सापडेल. शिवाय सॅच्युरेशन फार कमी असलेल्या पिक्सेलचा ह्यू किरकोळ नॉइजनेही (चित्रातील नको असलेल्या चढउतारांनीही) उड्या मारतो, म्हणून असे पिक्सेल सरळ वगळा.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. प्रोसेसरवर ताण येत असेल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस, बाल्च आणि व्हेलोसो यांनी २००० साली मांडलेली पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. तीत वाययूव्हीच्या (एक उजळपणा आणि दोन रंगघटक अशा रंगमांडणीच्या) प्रत्येक घटकासाठी एक तक्ता असतो आणि तक्त्यातील नोंदीचा प्रत्येक बिट (० किंवा १) एका रंगासाठी राखलेला असतो. तीन तक्त्यांतल्या तीन नोंदींवर केवळ दोनदा ‘अँड’ (दोन्हीकडे १ असेल तरच १ देणारी क्रिया) केले की तो पिक्सेल ३२ पर्यंत रंगांपैकी कोणत्या रंगात बसतो, ते कळते. मला ही मांडणी आजही अतिशय सुंदर वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चेंडू खुर्चीमागे क्षणभर लपला, तर काय करावे?

उत्तर ३
गॅरी ब्रॅडस्की यांनी १९९८ मध्ये मांडलेले कॅमशिफ्ट (वस्तूचा माग काढण्याचे तंत्र) ओपनसीव्हीत तयार मिळते. ते रंगाच्या हिस्टोग्रामवरून (कोणता रंग किती आहे, याच्या नोंदीवरून) शोधचौकट सरकवते आणि तिचा आकारही बदलते. परंतु चेंडू पूर्ण झाकला गेला, तर ते भरकटते. म्हणून जोडीला काल्मन फिल्टर (आधीच्या हालचालीवरून पुढची जागा वर्तवणारे गणिती तंत्र) ठेवा, लपलेल्या काळात त्याच्या अंदाजावर विसंबा आणि चेंडू पुन्हा दिसेपर्यंत शोधाचे क्षेत्र हळूहळू वाढवा. रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेच्या स्टँडर्ड प्लॅटफॉर्म लीगने २०१६ मध्ये नारिंगी चेंडू सोडून काळा-पांढरा चेंडू घेतला, तेव्हा तिथे केवळ रंगावर भागेनासे झाले. आपल्याकडे चेंडू नारिंगीच आहे, तेव्हा रंगावरून उमेदवार निवडा आणि त्यांचे क्षेत्रफळ भोवतालच्या लहानात लहान वर्तुळाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. गोल चेंडू ते वर्तुळ जवळपास भरतो, टेबलाची कड भरत नाही; ती तिथेच गळेल.