भिडेखातर घेतलेले तीन रुमाल

सकाळी दुकानात पाय ठेवला आणि काहीच न घेता परत फिरलं, की दुकानदाराचं तोंड कसं होतं ते औरंगाबादच्या गुलमंडी बाजाराच्या आसपास वाढलेल्या माणसाला सांगायला नको. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये. माझी आई तर अकराच्या आत नुसती चौकशी करायला कुठल्या दुकानाची पायरी चढत नसे. हे वळण अंगात इतकं मुरलेलं, की ते थेट टोकियोत जाऊन नडलं.

लेकीकडे गेले होते. एका शनिवारी तिनं मला जुन्या, सात-आठ मजली दुकानात नेलं. दहाला पाच मिनिटं कमी होती, दार बंद. दहाच्या ठोक्याला दार उघडलं आणि आत दोन्ही बाजूंना गणवेशातली माणसं उभी. आम्ही पुढं सरकू तसतसं एकेक काउंटर कमरेत वाकतंय, ‘इराश्शाइमासे’, म्हणजे ‘या, यावं’ म्हणतंय. मुलाच्या लग्नात वरमाय होते तेव्हासुद्धा माझ्यासाठी इतकी माणसं वाकली नव्हती. लेक म्हणाली, “आई, हे रोजचंय. तू नुसती चालत राहा.” मी कसली चालते! डोक्यात एकच, की पहिलं गिऱ्हाईक आपण. भवानी आपल्याच हातची.

म्हणून तळमजल्यावरच रुमाल घेतले. तीन. एक हजार येनचा एक, वर दहा टक्के कर, म्हणजे ३,३०० येन. मनातल्या मनात रुपये केले आणि घाम पुसायला त्यातलाच एक काढावा असं वाटलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, स्वतःसाठी की भेट द्यायला? लेकीनं गंमत म्हणून ‘भेट’ सांगितलं. मग त्या मुलीनं खोकं कागदावर तिरकं ठेवलं आणि चार-पाच वळणांत असं गुंडाळलं की चिकटपट्टी नावाला. पैसे हातात घेतले नाहीत, छोट्या तबकात ठेवायला लावले, सुट्टे माझ्यासमोर मोजले. बाहेर पाऊस होता, तर कागदी पिशवीवर प्लास्टिकचं आवरणही चढवलं. मग काउंटर सोडून ती आमच्याबरोबर निघाली, पिशवी तिच्याच हातात. दाराशी दोन्ही हातांनी मला दिली आणि वाकली.

आता आपली सवय. दहा पावलं गेल्यावर मी मागं वळून “येते हं” म्हणून हात हलवला. ती वाकलेलीच. परत वळले, परत वाकली. लेक दात-ओठ खात म्हणाली, “तू बघायची थांबलीस की ती आत जाईल!” शेवटी कोपऱ्यावरून वळून आम्ही जवळजवळ लपलोच.

त्या मुलीला मी काही घेतलं काय, नाही घेतलं काय, सारखंच होतं. ती वाकणारच होती. भीड मला पडली, तिनं ती घातली नव्हती. आपल्याकडं पैठणीच्या दुकानात माणूस स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतो आणि आपण दोन साड्या जास्त घेऊन येतो, त्यातली भीड आणि ही भीड एकच का, हे मला अजून उलगडलेलं नाही. तुमचे अनुभव खाली लिहा, वर गावाचं नाव टाका. परदेशातले, आणि आठवले तर इकडचेही.

लातूर, सध्या रशियात एमबीबीएस, चौथं वर्ष

आमच्या वडिलांचं गंजगोलाईत कापडाचं दुकान आहे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, म्हणजे गिऱ्हाईक रुसलं तर त्याला जायला पंधरा रस्ते मोकळे. त्यामुळं घरात शिकवण एकच : पायरीवर माणूस दिसला की आधी हसायचं, मग बोलायचं.

तेच तोंड घेऊन मी इथं आलो. होस्टेलखालच्या दुकानात काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई. रोज हसून नमस्कार करायचो. त्या आधी माझ्याकडं, मग माझ्या पिशवीकडं बघायच्या. पैसे हातात देऊ गेलो की बोटानं तबक दाखवायच्या. मला वाटायचं, आपला रंग बघून राग राग करतात. मग वर्गातल्या रशियन मित्रानं त्यांच्याकडची म्हण सांगितली. विनाकारण हसणं हे मूर्खपणाचं लक्षण, असा तिचा अर्थ. म्हणजे वर्षभर ती बाई मला येडं समजायलती!

१९९० च्या जानेवारीत मॉस्कोत पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा तिथल्या पोरांना गिऱ्हाईकाकडं बघून हसायचं प्रशिक्षण द्यावं लागलं होतं, हेही त्यानंच सांगितलं.

आता गंमत ऐका. तिसऱ्या वर्षी एकदा पाव घेऊन काउंटरवर गेलो. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, काही न बोलता आत गेल्या, आणि मागून ताजा गरम पाव आणून आदळला. तोंडावरची रेघ हलली नाही. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “हे खरं दुकानदार.”

हिंगोली

इंग्लंडात पहिल्याच दिवशी दुकानातल्या पोरीनं विचारलं, “यू ऑलराइट देअर?” मला वाटलं, चेहरा उतरलेला दिसतोय. मी गुडघ्याचं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी काय सांगितलं तेही. बिचारी ऐकत राहिली. सुनेनं नंतर सांगितलं, ते नुसतं ‘काय पाहिजे’ असं विचारणं असतं.

धाराशिव

पॅरिसात याच्या उलट. तिथं नमस्कार गिऱ्हाईकानं आधी करायचा. दुकानात शिरताना ‘बाँजूर’ म्हटलं नाही तर तुम्हीच उद्धट ठरता. मी सरळ जाऊन भाव विचारला, तर बाईंनी उत्तराच्या जागी सावकाश, शाळेतल्यासारखं ‘बाँ-जूर’ म्हटलं आणि माझ्याकडं बघत थांबल्या. म्हटल्यावरच भाव कळला.

जालना, जर्मनीत आठ वर्षं

इथं कुणी मागं मागं करत नाही, उलट काउंटरवर पाठलाग होतो. किराणा स्वस्तातल्या दुकानात घ्या, कॅशियर माल इतक्या वेगानं सरकवते की कोबी, दूध, अंडी आपल्यावर चाल करून येतात. पिशवीत भरायचं आपणच आणि मागच्या माणसाचा उसासा मानेवर. आई आली होती ती म्हणाली, “हिचं आपल्याशी काही वाकडंय का?” वाकडं काही नाही, तिच्या लेखी लवकर सोडणं हीच सेवा. रविवारी तर दुकानं बंदच, त्यामुळं शनिवारी संध्याकाळी हा खेळ अजून रंगतो.

वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत आलं आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळून गेलं. कारणं पुष्कळ, पण दाराशी हसून स्वागत करणारी माणसं आणि पिशव्या भरून देणारी पोरं इथल्या लोकांना अवघडल्यासारखी वाटली, हे त्यातलं एक नेहमी सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. आता मलाच भारतात आल्यावर कुणी पिशवी भरायला लागलं की हात आडवा जातो.

परभणी

दुबईत देरा भागात सोन्याच्या बाजारात नवऱ्याला हळूच म्हटलं, “बघायचं सोंग करा, घ्यायचं नाही.” काउंटरमागून आवाज, “बघा की ताई, बघायला पैसे नाहीत.” पुढं काय झालं ते लिहीत नाही. बांगड्या छान आहेत.

लातूर, पण वरच्यापेक्षा वेगळे

अमेरिकेतल्या हॉटेलात तोंडात घास असतानाच येऊन ‘कसं वाटलं’ का विचारतात? मुलगा म्हणाला, वेटरचं पोट तुमच्या टिपेवर आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्यांचा मालकानं द्यायचा किमान पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच आहे. टिप धरून किमान वेतन भरलं नाही तर उरलेलं मालकानं द्यायचं. काही राज्यांत जास्त मिळतं. हे कळल्यापासून मी घास गिळून ‘फर्स्ट क्लास’ म्हणतो.

बीड; अमेरिकेत शिकताना दुकानात काम

मी काउंटरच्या पलीकडची आहे, म्हणून लिहिते. कपड्यांच्या दुकानात अर्धवेळ होते. नियम होता, की गिऱ्हाईक आत आलं की लगेच नजरेला नजर मिळवून बोलायचं. पहिल्या आठवड्यात वाटलं, किती चांगली पद्धत. मग मॅनेजरनं दुसरी बाजू सांगितली. ज्याच्याशी आपण बोललो, त्याला कळतं की आपल्याकडं कुणाचं तरी लक्ष आहे, आणि चोऱ्या कमी होतात. एकच वाक्य, दोन कामं. त्यानंतर ‘हाय, हाऊ आर यू’ म्हणताना जीभ जड व्हायची. शिवाय बाहेर दुसऱ्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेले, की कुठला नमस्कार स्वागताचा आणि कुठला पाळतीचा, तेही कळायला लागलं. माझ्यामागं तीन रांगा कुणी ‘मदत लागेल का’ विचारत फिरलं आणि शेजारच्या गोऱ्या बाईला एकदाही विचारलं नाही, तर ती आपुलकी नव्हे.

पण मग आजीचं आठवतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कापूस विकून आलेले पैसे आजीच्या कमरेच्या पिशवीत, आत्याच्या लग्नाला साडी घ्यायची. आजीच्या अंगावर विटलेलं लुगडं, पायात धुळीच्या चपला. दुकानात शेजारी एक बाई बसलेल्या, त्यांच्यापुढं साड्यांचा ढीग, चहा. आजीनं वरच्या फळीकडं बोट दाखवलं तर दुकानदार बसल्या जागेवरून म्हणाला, “मावशे, ते भारीतलं हाय. स्वस्तातलं तिकडं बघ.” आजी म्हणाली, “मपले पैसे का खोटे हैत?” आणि उठली. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथंही चहा कुणी विचारला नाही. मागं मागं करणाऱ्यांची चेष्टा मला त्यामुळं फार जमत नाही. आजीसमोर कुणी चार साड्या जास्त उघडल्या असत्या तर चाललं असतं.

वसमत, काही दिवस सोलमध्ये

कोरियात एका सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीनं २०१६ मध्ये दोन रंगांच्या टोपल्या ठेवल्या होत्या. एक घेतली तर ‘मदत हवी’, दुसरी घेतली तर ‘माझं मी बघते’. आपल्याकडं ठेवल्या तर दुसरी टोपली उचलणाऱ्या बाईला दुकानदार विचारील, “का हो वहिनी, काही चुकलं का आमचं?”

नांदेड

पैठणीच्या दुकानाचं वर आलं म्हणून लिहितो. मी वजिराबादेत साडीच्या दुकानात तीस वर्षं गादीवर काढली. मालक नव्हतो, नोकर. परदेशात कधी गेलो नाही. हैदराबादपर्यंत गेलो, तेही माल आणायला.

ताई, भीड आपोआप पडत नसते, आम्ही पाडतो. ती कला आहे. गिऱ्हाईक बसल्या बसल्या चहा सांगायचा नाही. पहिल्या आठ-दहा साड्या उघडून झाल्या, बाईंची चुळबुळ सुरू झाली, की तेव्हा पोराला हाक मारायची. चहा येईस्तोवर उठता येत नाही आणि पिल्यावर तर मुळीच येत नाही. ‘राहू द्या, नका उघडू’ असं बाई म्हणाल्या की समजायचं, भीड पडली. तेव्हा अजून दोन उघडायच्या. घडीत असलेली साडी दुकानाची, घडी मोडली की अर्धी बाईची.

बस्त्याच्या दिवशी तर विचारू नका. टेम्पो भरून माणसं यायची. नवरीची आई, करवल्या, मामा, आणि कुणाचा कोण ते माहीत नसलेले दोघं-तिघं म्हातारे, जे फक्त ‘हे नको’ म्हणायला आणलेले असत. नवरीचा शालू, मग मानपानाच्या, मग आहेराच्या. सकाळी अकराला बसलेले लोक दिवेलागणीला उठायचे. त्यात एखाद्या आत्याचं मन मोडलं तर सगळा बस्ता बांधलेला सुटायचा, म्हणून आमचं लक्ष पैसे देणाऱ्याकडं कमी आणि आत्याकडं जास्त.

ते झाल्यावर लोक जायचे आणि आम्ही उरायचो. गादीवर दोन-अडीचशे उघड्या साड्या. शटर अर्धं ओढून रात्री अकरापर्यंत घड्या. त्या जपानच्या पोरीला वाकून वाकून कंबर दुखत असेल का, हे मला तुमचं वाचताना पहिलं वाटलं. आमचे तर गुडघे गेले.

आणि त्या बीडच्या ताईंच्या आजीला परत पाठवणारा असा माणूस आमच्या दुकानातही होता. मी त्याच्या शेजारी बसायचो. काही बोललो नाही कधी.

रुमालवाली, जिनं हा विषय काढला

नांदेडच्या दादांचं वाचून दोन दिवस काही लिहायला सुचलं नाही. परवा भाचीच्या डोहाळजेवणासाठी साडी घ्यायला गेले. दुकानातला मुलगा विशीतला. बारा साड्या उघडल्या, एक घेतली, बाकीच्या समोर पडलेल्या. तुमचे गुडघे डोळ्यापुढं आले आणि मी मुकाट्यानं एक साडी ओढून घडी घालायला लागले. दुसरी घातली. तिसरीला हात घातला तसा तो कसनुसा हसला आणि हळूच म्हणाला, “राहू द्या काकू. तुम्ही घातलेल्या मला परत मोडाव्या लागतात.”