डीएनए रिपोर्टात 'गोंड' शब्दच नाही!

पऱ्हाटीवाला:
जय सेवा मंडळी. केळापूर तालुक्यात सहा एकर पऱ्हाटी हाय. पुतण्या पुण्याले नोकरीले. त्यानं नळीत थुंकून डीएनए टेस्ट केली. रिपोर्टात दक्षिण भारत, मध्य आशिया, काय काय आलं, पण गोंड कुठंच नाही. पुतणीचे टक्के तर अजूनच येगळे, मायबाप तेच असून! आमच्यात कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात; आम्ही सात देवांचे गोंड, सून सहा देवांची. बाबांची आजी मात्र कुणब्याची लेक होती, हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. पुतण्या विचारते, काका, आपण नक्की कोण? अन् हा रिपोर्ट जमातीच्या व्हॅलिडिटीच्या (पडताळणीच्या) फाइलले जोडाव काय?

नागपुरी_बायोटेक:
काका, कंपनी तिच्याकडच्या नमुन्यांशीच थुंकी ताडून पाहते. त्यात गोंडांचा गटच नसेल तर तो शब्द येणार कुठून? भावंडांना मायबापांकडून निम्मा-निम्मा डीएनए मिळतो, पण कोणता निम्मा हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर. त्या आजीचा वाटा पुतण्यात सरासरी सोळावा. पण कुणब्यांतही सरमिसळ आहेच! २००९ च्या अभ्यासात भारतातले बहुतेक समाज उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन प्राचीन वंशांचं मिश्रण निघाले, त्यात उत्तरेकडचा वाटा ३९ ते ७१ टक्के. ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीची, असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. मग सोयरिकी जातीतच होऊ लागल्या.

हातमाग_उमरेड:
रिपोर्ट बिलकूल जोडू नका. पडताळणी समिती १९५० पूर्वीचे कागद मागते: कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), शाळेचं दाखल-खारीज. आम्ही विणकर कोष्टी, पण आमचे आजोबा मरेपर्यंत स्वतःले हलबा या आदिवासी जमातीचेच म्हणत. २००० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हलबा-कोष्टी हे हलबा या नोंदीत बसत नाहीत. राष्ट्रपतींच्या अनुसूचित जमातींच्या यादीतले शब्द पाहिले, रक्त कोणी पाहिलं नाही. आमचं घर अजून त्यातच अडकून हाय, म्हणून जरा कडू बोलतो.

नागपुरी_बायोटेक:
ओळख आणि डीएनए जुळतातच असं नाही, हे बाहेरही दिसतं. ब्राझीलमध्ये जनगणनेत माणूस आपला रंग स्वतःच सांगतो. तिथं २००३ मध्ये तपासलं, तर एकेका माणसाच्या रंगावरून त्याच्यात आफ्रिकी वंश किती याचा अंदाज नीट लागेना.

पऱ्हाटीवाला:
आत्याले फोन केला. पहिले गप्पच. मंग म्हणे, बाबाले गोंडी गाणी शिकवली ती याच कुणबीण आजीनं. लगीन होऊन आली तवा तिले गोंडीचा एक शब्द येत नव्हता, सासूच्या शिव्या आयकून शिकली. पुतण्याले सांगितलं तर तो हसतच बसला. सोमवारी कोतवाल बुकाची नक्कल काढाले तहसीलले चाललो.