शाळेच्या वेबसाइटचा अवतार आवरायचाय, सल्ला हवा

खडूफळा : नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी. 'तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून वेबसाइट माझ्या गळ्यात पडली आहे (शिकवतो भूगोल). बोधचिन्ह मुख्य पानावर मरून, प्रवेशाच्या पानावर लाल आणि स्नेहसंमेलनाच्या पानावर चक्क गुलाबी. क्रीडाशिक्षक कॅनव्हात (ऑनलाइन डिझाइनच्या साधनात) काहीतरी करतात, क्लार्कभाऊ वर्डमधून थेट चिकटवतात. सूचना पिवळ्या अक्षरांत सरकत जातात. मुख्याध्यापक म्हणतात, नवा लोगो करून घेऊ. बजेट चहापाण्याचं. सुरुवात कुठून करू?

कोरलवाली : सर, नवा लोगो अजिबात नको. कमानीवर, दाखल्यावर, बिल्ल्यावर जे आहे तेच ठेवा. गाव त्याच चिन्हाला ओळखतं. तुमच्याकडे आहे ती व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हात फिरलेली जेपेग असणार, मागे पांढरा चौकोन असलेली. जिथे दाखले छापता त्या प्रेसमध्ये जा आणि मूळ कोरल (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची) फाइल मागा. तिच्यातून एसव्हीजी (रेषांचं चित्र) काढून घ्या, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. ब्राउझरच्या टॅबवरच्या छोट्या चिन्हासाठी फक्त मधला दिवा किंवा पुस्तक, जे असेल ते. १६ पिक्सेलमध्ये बोधवाक्याचं कडं म्हणजे नुसती माती दिसते. आणि हो, प्रेसचा मजकूर श्रीलिपीत (छपाईच्या जुन्या फाँटपद्धतीत) असेल तर आधी युनिकोड (सगळीकडे वाचता येणारी पद्धत) करून घ्या, नाहीतर पालकांना चिनी भाषेत सूचना जातील.

मरूनमरून : रंग दोनच, गणवेशातले. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं बंद करा. वाचनीयतेचा जागतिक निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक मागतो, पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १ : १ भरतो, गडद मरून ११ च्या आसपास. पिवळ्या पट्टीवर मरून अक्षरं केलीत तर १० च्या वर. म्हणजे पिवळा सोडायला नको, नुसती जागा बदलायची. मरूनचा हेक्स कोड (संगणकातला रंगाचा नेमका क्रमांक) एकदाच ठरवा आणि स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून ठेवा. डोळ्याने जुळवलेला मरून दर वेळी वेगळा निघतो.

काना_मात्रा : माझं दुखणं वेगळंच. शाळेच्या गेटवर 'शाळा' कसं लिहिलंय बघा. रंगाऱ्याने देठाचा श काढला असेल. वेबसाइटवर बहुधा हिंदी वळणाचा श दिसतोय. ल चंही तेच: आपला पाकळीचा, तिथे दंडाचा. २००९ च्या शासन निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल च मान्य आहेत. मजकुराला नोटो सान्स देवनागरी घ्या, फुकट आहे. वर्डप्रेस असेल तर साइटची भाषा मराठी निवडा, म्हणजे फाँटमधली मराठी वळणं आपोआप येतात. मथळ्यांना तिरो देवनागरी मराठी सुंदर दिसतो, पण त्यात ठळक वजन नाही. बोल्डचं बटण दाबलंत की ब्राउझर अक्षरं नुसती फुगवतो, तेव्हा मथळा आकाराने मोठा करा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं मात्र वाढवा, अक्षराच्या दीडपट तरी. नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांवर बसतात.

निवृत्त_मास्तर : आम्ही १२ पानी नियमावली केली होती. क्लार्कने तिच्यावर चहाचा कप ठेवला.

कोरलवाली : मास्तर 😄 म्हणूनच नियम नकोत, साचे द्या. सूचना, निकाल, अभिनंदन, कार्यक्रम, असे चार. फाँट, रंग, चिन्ह आधीच बसवलेलं. समोरच्याने फक्त मजकूर बदलायचा. कॅनव्हा शाळेतल्या शिक्षकांना मोफत मिळतं. वर्डमधून चिकटवताना 'साधा मजकूर' म्हणून चिकटवायला शिकवा, निम्मं गबाळ तिथेच जातं. फोटोंसाठी एकच नियम: मोबाइल आडवा. मुलांचे चेहरे असतील तर पालकांची संमती आधी.

खडूफळा : ताई, प्रेसमध्ये जाऊन आलो. मूळ फाइल २००६ च्या सीडीवर होती, मालकांनी अर्धा तास शोधून दिली, पैसे घेतले नाहीत. गेटवरचा श खरंच देठाचा आहे. १४ वर्षं त्याखालून जातोय, कधी पाहिला नव्हता. क्रीडाशिक्षकांनी साचा वापरून कबड्डीचा निकालही टाकला. सरकती सूचनापट्टी मात्र मुख्याध्यापक सोडेनात. आता ती मरून आहे.