स्टोबियसचा संग्रह : स्वतंत्र ग्रंथ की उताऱ्यांची खाण?

चर्चाप्रस्ताव

इसवी सनाच्या पाचव्या शतकात मॅसिडोनियातील स्टोबी या नगरातल्या योआनीसने, म्हणजेच स्टोबियसने, आपला मुलगा सेप्टिमियस याच्या शिक्षणासाठी शेकडो ग्रीक लेखकांचे उतारे विषयवार लावून चार खंडांत एकत्र केले. अभ्यासक त्याच्याकडे वळतात ते हरवलेल्या लेखकांचे तुकडे वेचण्यापुरतेच. हा त्याच्यावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. क्लीन्थीस या स्टोइक तत्त्वज्ञाचे झ्यूसस्तोत्र केवळ त्याच्यामुळे उरले, हे तर खरेच. पण त्याची मांडणीही तितकीच मोलाची आहे. प्रकरणात साधारणपणे आधी कवी येतात आणि मग गद्यलेखक. विवाहाच्या प्रकरणात विवाहाची थोरवी सांगणारे उतारे आहेत, तसेच विवाह नको म्हणणारेही आहेत, आणि निवाडा मात्र वाचणाऱ्यावर सोपवलेला आहे. असे पुस्तक सलगच वाचले पाहिजे.

प्रतिसाद : असहमत

सलग वाचण्यातच धोका आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीसचे उतारे देताना स्टोबियस पुष्कळदा नाटकाचे नाव देतो, पण ते शब्द कोणत्या पात्राच्या तोंडचे आहेत हे सहसा सांगत नाही. भांडणाच्या भरात उच्चारलेले वाक्य त्यामुळे कवीचे जीवनविषयक मत होऊन बसते. ग्रीक कवयित्री सॅफोच्या चार ओळी पाहा : तू मेल्यावर तुझी आठवण कुणालाही राहणार नाही, कारण पिएरियाच्या गुलाबांत, म्हणजे काव्यकलेच्या देवतांच्या देणगीत, तुझा वाटा नाही. स्टोबियसने त्या मूर्खपणाच्या प्रकरणात घातल्या आणि अशिक्षित स्त्रीला उद्देशून आहेत, अशी नोंद केली. मूळ कविता हाती नसल्यामुळे त्या प्रकरणाचे शीर्षकच आपले वाचन ठरवून टाकते. शिवाय ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसच्या नावावरची कितीतरी नीतिवचने याच संग्रहातून आली आहेत, आणि त्यांतली अस्सल किती यावर अजून वाद आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

सॅफोचे उदाहरण मला मान्य आहे, परंतु त्या ओळींचा रोख स्टोबियसच्या आधीच्या प्लुटार्क या ग्रीक लेखकानेही तसाच सांगितला आहे, तेव्हा हे वाचन स्टोबियसच्या मनचे नाही. त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेता येते, कारण प्लेटोचे मूळ ग्रंथ आपल्याकडे आहेत. ताडून पाहिल्यास तो लांबलांब उतारे बऱ्याच निष्ठेने उतरवतो आणि फेरफार करतो तो मुख्यतः उताऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला, असे आढळते.

आणखी एक प्रतिसाद

दोघांनाही विचारावेसे वाटते की आपण नेमका कोणाचा ग्रंथ वाचतो आहोत? नवव्या शतकात फोटियस या बायझंटाइन विद्वानाने या संग्रहाची प्रकरणे आणि त्यांतील लेखक यांची यादी नोंदवून ठेवली, आणि तिच्याशी तुलना केली की आजची संहिता किती झिजली आहे ते कळते. दुसऱ्या खंडाचा तर मोठा भाग गेला आहे. पुढे पहिले दोन आणि शेवटचे दोन खंड जणू दोन वेगळे ग्रंथ असल्यासारखे नकलले गेले, आणि उताऱ्यांलगतची लेखकांची नावे नकलकारांच्या हातून गळली किंवा शेजारच्या उताऱ्याला चिकटली. वाक्समुथ आणि हेन्झे या जर्मन संपादकांच्या १८८४ ते १९१२ या काळातील आवृत्तीने चारही खंड पुन्हा एका ग्रंथात आणले, म्हणूनच प्रस्तावकाला भावलेली मांडणी आज डोळ्यांसमोर तरी येते. तेव्हा सलग अवश्य वाचावे, मात्र प्रत्येक उताऱ्यावरचे नाव तपासल्याखेरीज त्यावर काहीही उभारू नये.